पडल्यावर परत कसं यायचं? आठ महिने प्रार्थनाच होत नाहीये

मागच्या_बाकावरून

सगळ्यांना जय ख्रिस्त. लिहू की नको असं करत बरेच दिवस गेले, आज लिहूनच टाकतो. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

घर विश्वासणाऱ्यांचंच, पण माझा स्वतःचा निर्णय मी कॉलेजात असताना घेतला आणि तेव्हापासून दहा-बारा वर्षं तरुणांना बायबल स्टडी शिकवत होतो. ऑफिसात माझ्या हाताखाली एक मुलगा होता. प्रभूविषयी तो स्वतःहून विचारायचा, मी काही मागे लागलो नव्हतो. जवळजवळ वर्षभर आम्ही दोघं लंच ब्रेकमध्ये मार्कचं शुभवर्तमान वाचत होतो, दोन-चारदा माझ्याबरोबर उपासनेलाही आला. मग एका कामात माझ्याकडून मोठी चूक झाली, क्लायंटला चुकीचे आकडे गेले. त्या दिवशी माझं लॉगिन चालत नव्हतं म्हणून फाइल मी त्याच्या लॉगिनवरून पाठवली होती, त्याला विचारूनच. चौकशी लागली तेव्हा मला वाटलं आधी बघू काय होतंय, मग सांगू. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी काहीतरी मोघम बोललो, दुसऱ्यांदा म्हणालो आठवत नाही, आणि तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा सरळ म्हणालो की त्या फाइलशी माझा काही संबंध नाही. तो समोरच बसला होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही. आठवड्याभरात त्याला काढलं.

याला आठ महिने झाले. मंडळीत सांगितलं की काम वाढलंय आणि शिकवणं सोडलं, खरं कारण कुणालाच माहीत नाही, बायकोलाही नाही. प्रार्थनेला बसलो की ती नजर समोर येते आणि मी उठतो. बायबल उघडलं तर नेमकं इब्री ६ निघालं, ज्यांना एकदा प्रकाश मिळाला आणि मग पतन झालं त्यांना पश्चात्तापाकडे परत आणणं अशक्य, ते वाचून तर हातपायच गळाले. आणि मार्क ९ मध्ये तो जात्याच्या तळीचा भाग आहे ना, लहानातल्या एकाला अडखळवण्यापेक्षा गळ्यात तळी बांधून समुद्रात टाकलेलं बरं, तो आम्ही दोघांनी मिळूनच वाचला होता आणि त्याचा अर्थ त्याला मीच समजावला होता.

माझ्यासारख्याला परत येता येतं का? येता येत असेल तर कसं, म्हणजे उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं? गोड गोड उत्तरं नकोत.

---

साठी_पार

बाळा, तुझं वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

तू लिहिलंस तीनदा विचारलं, आणि त्याने मान वळवून बघितलं. तुझ्या लक्षात आलंय का माहीत नाही पण लूक २२ उघड. प्रभूला पकडल्यावर त्याचा शिष्य पेत्र तिसऱ्यांदा म्हणतो की मी याला ओळखत नाही, तो बोलतोय तोवरच कोंबडा आरवतो, आणि प्रभू वळून पेत्राकडे बघतो. प्रभूने वळून बघितलं हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एकटा लूकच सांगतो. मग पेत्र बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला. ती नजर पेत्राला मरेपर्यंत विसरता आली नसेल, तुलाही येणार नाही, ती विसरायची गोष्टच नाही. पण त्याच अध्यायात वर जरा जा, ३१-३२ वचन. प्रभू त्याला आधीच म्हणालाय, शिमोना (म्हणजे पेत्रच), तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीये आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. म्हणजे पेत्र पडण्याआधीच त्याच्या परत येण्याची प्रार्थना होऊन गेली होती. "वळलास तर" नाही हं, "वळलास म्हणजे". मी इतकी वर्षं वाचत होते आणि हा एक शब्द मला पन्नाशीनंतर दिसला.

दुसरं म्हणजे यहूदा, प्रभूला धरून देणारा शिष्य. संडे स्कूलमध्ये आपण मुलांना शिकवतो की पेत्र चांगला आणि यहूदा वाईट, आणि पुढे जातो. पण मत्तय २७ नीट वाच. यहूदालाही पस्तावा झाला, त्याने तीस रुपये परत नेऊन दिले, मी निर्दोष माणसाला धरून दिलं अशी तोंडाने कबुलीसुद्धा दिली. या बाबतीत तर तो तुझ्यामाझ्यापुढे गेला. मग चुकलं कुठे? गेला कुणाकडे ते बघ. मुख्य याजकांकडे गेला, आणि ते म्हणाले त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच निघाला आणि संपला. पेत्र मात्र बाकीच्यांना सोडून गेला नाही. रडून झाल्यावर, तोंड दाखवायला जागा नसताना, त्याच दहा जणांत जाऊन बसला ज्यांच्यासमोर मोठ्या तोंडाने म्हणाला होता की सगळे सोडून गेले तरी मी जाणार नाही. म्हणून पुनरुत्थानाच्या सकाळी बायका निरोप घेऊन आल्या तेव्हा तो सापडला तरी.

तू आठ महिने एकटा आहेस. मला तुझ्या पापापेक्षा या एकटेपणाची जास्त काळजी वाटते. बायकोला सांग. आजच.

---

पुढेच_बघा

ब्रदर, प्रेझ द लॉर्ड. हे सगळं सैतानाचं दोषारोपण आहे, तो रात्रंदिवस आरोप करणारा आहे असं प्रकटीकरणात लिहिलंय. १ योहान १:९ धरा, पाप पदरी घेतलं की तो क्षमा करतो, विषय संपला. फिलिप्पै ३ मध्ये प्रेषित पौल म्हणतो मागच्या गोष्टी विसरून पुढे धावतो. तुम्ही परत शिकवायला लागा, सेवेत लागलात की आपोआप आनंद परत येईल. मागचं उकरून काढू नका, त्यातून फक्त निराशा येते.

---

कोरा_कागद

वरच्या ब्रदरांचा हेतू चांगला आहे पण मला हे पटत नाही, आणि इथे न बोलणं बरोबर होणार नाही म्हणून बोलतो.

फिलिप्पै ३ मध्ये पौल काय विसरतोय ते आधीच्या वचनांत आहे. आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाच्या वंशाचा, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे ज्याचा अभिमान बाळगता आला असता ते सगळं तो हानी समजतो. दुसऱ्याचं केलेलं नुकसान विसरून जा असं तिथे कुठेच नाहीये. उलट मंडळीचा आपण छळ केला हे पौल अनेक ठिकाणी स्वतःच सांगतो, त्याच फिलिप्पै ३ मध्येही सांगतो, विसरत नाही. आणि सैतान आरोप करतो हे खरं असलं तरी प्रत्येक टोचणी सैतानाची नसते. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलं, आणि नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला तो माणूस तूच आहेस, तेव्हा ते दोषारोपण नव्हतं, ती देवाने पाठवलेली दया होती.

भाऊ, आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही म्हणालात गोड उत्तरं नकोत. तुमची प्रार्थना का होत नाहीये हे मला वाटतं प्रभूने मत्तय ५:२३-२४ मध्ये सांगून ठेवलंय. वेदीजवळ दान आणताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुम्ही आठ महिने दान हातात धरून वेदीसमोर उभे आहात, आणि ती नजर आठवते म्हणून उठून जाता. मला उलट वाटतं की ती नजर तुम्हाला जायचा पत्ता सांगतीये.

एक मुलगा आज कुठेतरी नोकरीच्या मुलाखतीत बसून सांगत असेल की मागच्या ठिकाणी काय झालं, आणि समोरचा त्याच्यावर विश्वास ठेवत नसेल. तुमच्या मनाला शांती मिळाली तरी त्याच्या नावावरचा डाग तसाच राहतो. जकातदार जक्कय आठवा. प्रभू त्याच्या घरी गेला तेव्हा तो म्हणाला नाही की आता मला फार हलकं वाटतंय, तो म्हणाला कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत देतो. नियमशास्त्रात अशा कबुलीला मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा एवढंच मागितलंय, गणना ५ मध्ये आहे. तो आपणहून चौपटीवर गेला. आणि लक्षात घ्या की आधी प्रभू घरी आला आणि मग चौपट निघाली. परतफेड करून क्षमा विकत घ्यायची नाहीये. पण क्षमा मिळालेल्या माणसाचा हात खिशाकडे जातोच.

म्हणून माझ्या मते ऑफिसात लेखी खरं सांगा, त्याचं नाव स्वच्छ होईल असं. मग त्याला भेटा. आणि त्याला भेटाल तेव्हा कृपा करून "मला माफ कर ना" असं म्हणून त्याच्यावर आणखी एक ओझं टाकू नका. काय केलं ते सांगा, कारणं देऊ नका, ऑफिसात काय लिहून दिलंय ते दाखवा, आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्या. माफ करायचं की नाही, कधी करायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या.

---

मागच्या_बाकावरून

मावशी, लूक २२ उघडलं. वाचवलं नाही पुढे, पण उघडलं.

कोरा कागद, तुमचं वाचून आधी राग आला खरं सांगायचं तर. लेखी सांगितलं की माझी नोकरी जाणार हे नक्की आहे, पुढेही कुणी घेईल की नाही माहीत नाही, घरात मी एकटा कमावतो. त्या मुलाला मेसेज किती वेळा टाइप करून खोडला त्याला हिशोब नाही. मग असंही वाटतं की देवाने क्षमा केली असेल तर हे सगळं परत भोगायची काय गरज? आणि केली नसेल तर हे करून काय उपयोग? दोन्हीकडून मी तिथेच.

---

दर_दिवशी_एक

दादा मी विद्वान नाही, माझी गोष्ट सांगतो, काही उपयोग झाला तर बघा.

मी दारूतून प्रभूमध्ये आलो, साक्ष द्यायचो, लोक टाळ्या वाजवायचे, आणि दोन वर्षांनी परत प्यायलो. मग उठलो परत पडलो. एकूण तीनदा. तिसऱ्या वेळी तर सकाळी उपासनेत प्रार्थना चालवली होती आणि रात्री प्यायलो, त्यामुळे ढोंगीपणा म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. आता चार वर्षं झाली, एक थेंब नाही, पण मी चार वर्षं असं म्हणत नाही, आजचा दिवस असंच म्हणतो.

तुम्ही जे म्हणताय ना की क्षमा असेल तर भोगायचं कशाला, हे मी पण देवाला विचारलं होतं. मला आमच्या पाळकांनी दावीदाचं दाखवलं, २ शमुवेल १२. दावीद म्हणतो मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आणि नाथान त्याच दमात म्हणतो परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. एकाच वचनात. आणि पुढच्याच वचनात परिणाम सांगतो, आणि ते परिणाम झालेच. म्हणजे क्षमा पण खरी आणि परिणाम पण खरे, एक असलं की दुसरं नाही असं नसतं. माझं लिव्हर देवाने क्षमा केली म्हणून नवीन झालं नाही, माझ्या मुलीने चार वर्षांत माझ्यावर विश्वास ठेवायला आता कुठे सुरुवात केलीये. फरक एवढाच पडला की आधी हे सगळं शिक्षा म्हणून एकटा भोगत होतो, आता तो बरोबर आहे असं धरून चालतो. कधी जाणवतो कधी नाही जाणवत.

उद्या सकाळी उठून काय करायचं असं विचारलंत म्हणून सांगतो मी काय करायचो. प्रार्थना जमत नव्हती तर मी प्रार्थना करायचा प्रयत्न सोडून दिला, म्हणजे स्वतःचे शब्द शोधायचं सोडून दिलं, आणि स्तोत्रं मोठ्याने वाचायला लागलो. स्तोत्र ८८ बघा, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटचा शब्दच अंधार, बाकीच्या स्तोत्रांसारखं शेवटी उजाडत नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं की अशा अवस्थेतली प्रार्थना पण चालते. मग ३२, त्यात दावीद म्हणतो मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली. तुम्ही आठ महिने गप्प आहात दादा. मग ५१. रोज हीच तीन, एवढंच, महिनाभर. रडू आलं तर रडायचं, नाही आलं तर नाही, भावना तपासत बसायचं नाही.

आणि रविवार चुकवायचा नाही. कसंही वाटत असलं तरी. मागच्या बाकावर बसा, गाणं येत नसेल तोंडातून तर बाकीच्यांना गाऊ द्या तुमच्यासाठी. मी कित्येक महिने नुसता बसून यायचो, ओठ हलायचे नाहीत. पण पाय तरी जात होते.

एका माणसाला सगळं सांगा, तोंडाने, समोर बसून. याकोब ५:१६. असा माणूस बघा जो ऐकून घाबरणार नाही आणि उपदेशाची घाई करणार नाही. इथे टाइप करणं ठीक आहे पण इथे तुमचा चेहरा कुणाला दिसत नाही.

---

मिस्सा_रविवारी

मी कॅथलिक आहे, थोडंच लिहिते. मी नऊ वर्षं कन्फेशनला, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली द्यायला, गेले नव्हते, एका गोष्टीची इतकी लाज होती की रांगेत उभी राहून परत यायचे. शेवटी गेले तेव्हा फादरांनी मला एकच गोष्ट विचारली जी मला अपेक्षित नव्हती, ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी तू काय करू शकतेस? मला वाटलं होतं प्रार्थना म्हणायला सांगतील आणि सोडतील. म्हणजे कोरा कागद जे म्हणतायत तेच, आमच्याकडेही पापक्षमा मिळाली की भरपाईची जबाबदारी उडून जात नाही. पण एक सांगते, ते शब्द दुसऱ्या माणसाच्या तोंडून मोठ्याने ऐकणं की तुझ्या पापांची क्षमा झालीये, त्याची ताकद वेगळी असते. तुमच्या मंडळीत हा संस्कार नसेल पण तुमच्या पाळकांसमोर बसून हे ऐकून घ्या. स्वतःच स्वतःला सांगून पोचत नाही ते.

---

जुनी_पानं

इब्री ६ वर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण हे वचन घेऊन खूप लोक वर्षानुवर्षं आतल्या आत घाबरलेले असतात.

ते पत्र ज्यांना लिहिलंय ते छळाला कंटाळून ख्रिस्तालाच सोडून मागे फिरायच्या बेतात होते. इशारा त्या वाटेवर निघालेल्यांना आहे, आणि कडकच आहे, मी तो मऊ करणार नाही. पण जो माणूस आठ महिने रोज तळमळतोय की मला परत येता येईल का, त्याने ख्रिस्ताला टाकून दिलेलं नाही, त्याला ख्रिस्तच हवाय आणि तोंड दाखवायची लाज वाटतीये. त्याच अध्यायात नवव्या वचनात लेखक सूर बदलून म्हणतो, प्रियजनहो, आम्ही असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. आणि दोन अध्याय आधी, ४:१५-१६, आपला प्रमुख याजक आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती नसलेला नाही, म्हणून धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जा. सहावा अध्याय चौथ्यातून चालत जाऊन वाचायचा असतो.

मंडळीला हा प्रश्न फार लवकर सोडवावा लागला होता. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने फर्मान काढलं की सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायचा. खूप ख्रिस्ती लोक टिकले, तुरुंगात गेले, मेले. पण खूप जण पडले. काहींनी बळी दिला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला विकत घेतला. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत मंडळीच्या दाराशी आले, आता यांचं काय करायचं? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा मंडळीचा एक वडील (पाळक) म्हणाला की अशांना मंडळीने परत घ्यायचंच नाही, आणि तो वेगळा निघाला. दुसऱ्या टोकाला काही जण म्हणत होते लगेच घ्या, विचारपूस कशाला. उत्तर आफ्रिकेत कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या बरोबरचे बिशप २५१ मध्ये एकत्र बसले आणि त्यांनी मधली वाट धरली. दार उघडं ठेवायचं, पण पश्चात्ताप खरा हवा, त्याला वेळ द्यायचा, आणि प्रत्येकाचं प्रकरण वेगळं बघायचं. नुसता दाखला घेतलेल्याला लवकर, बळी दिलेल्याला दीर्घ पश्चात्तापात ठेवून मरणाच्या वेळी. पुढे परत छळाची चिन्हं दिसायला लागली तेव्हा त्यांनी पश्चात्तापात टिकलेल्यांना लवकर आत घेतलं, कारण लढाईला जाणाऱ्याला प्रभुभोजनाशिवाय (प्रभूच्या आठवणीतली भाकर आणि प्याला) कसं पाठवायचं.

यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सिप्रियनचं स्वतःचं. २५० च्या छळात तो लपून बसला होता, लपूनच पत्रं लिहून मंडळी चालवत होता, आणि पळून गेला म्हणून त्याला बोल लागला होता. २५८ मध्ये त्याला पकडलं तेव्हा तो मागे हटला नाही, त्याचा शिरच्छेद झाला. मधली आठ वर्षं तो तेच रोजचं काम करत होता, पडलेल्यांना उभं करायचं.

आणि भाऊ, तुम्ही त्या मुलाबरोबर मार्क वाचत होता ना. प्रेषितांची कृत्ये १३:१३ बघा, योहान मार्क सेवेच्या प्रवासात पंफुल्या प्रांतातून पौल-बर्णबाला सोडून परत गेला. पंधराव्या अध्यायात पौल त्याला परत न्यायला तयार नाही, त्यावरून बर्णबाशी इतकं वाजतं की दोघं वेगळे होतात. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला जातो. आणि पौल शेवटच्या दिवसांत तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मंडळीची जुनी परंपरा, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या पपियास नावाच्या बिशपापासूनची, असं सांगते की याच मार्कने पेत्राच्या तोंडून ऐकलेलं लिहून ठेवलं. हे धरलं तर तुम्ही दोघं लंच ब्रेकमध्ये जे वाचत होता ते एका पळून गेलेल्या माणसाने एका नाकारणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून लिहिलेलं होतं. मार्क १४ मध्ये पेत्राची ती रात्र किती उघडी करून सांगितलीये बघा, शपथा वाहिल्या, शाप घेतले, काहीच झाकलेलं नाही. आणि सोळाव्यात थडग्याजवळचा निरोप, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. "आणि पेत्राला" हे फक्त मार्कमध्ये आहे.

---

साठी_पार

जुनी पानं, हे छान सांगितलंत, मी वहीत उतरवून घेतलं.

बाळा, एक राहिलं होतं. योहान १८ मध्ये पेत्र नाकारतो तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा असतो. आणि योहान २१ मध्ये, पुनरुत्थानानंतर, पेत्र किनाऱ्यावर येतो तेव्हा प्रभूने कोळशाचा विस्तवच पेटवून ठेवलेला असतो, वर मासे आणि भाकर. नव्या करारात कोळशाच्या विस्तवाचा तो शब्द या दोनच जागी येतो. प्रभूने त्याला त्याच वासात, त्याच धगीजवळ परत आणलं. आधी जेवू घातलं, आणि जेवण झाल्यावर तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. पेत्र तिसऱ्या वेळी दुःखी झाला असं लिहिलंय. ते दुखायलाच हवं होतं, पण जेवल्यावर. कोरा कागद तुला त्या विस्तवाजवळ जायला सांगतायत, मी पण तेच सांगते, फक्त उपाशी जाऊ नकोस.

आणि परत आलेला पेत्र पुन्हा कधी घाबरला नाही असं नाही हं. गलती २ वाच. अंत्युखियात तो माणसांना भिऊन यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावं लागलं. तोच जुना आजार, लोक काय म्हणतील. इतकं सगळं झाल्यावर, पेंटेकॉस्टला पवित्र आत्मा उतरल्यावर सुद्धा. तरी प्रभूने त्याला टाकलं नाही. म्हणून टिकणं म्हणजे परत न पडणं असं मी मानत नाही, दर वेळी त्याच्याकडेच वळणं असं मानते.

त्या मुलाचा विश्वास तुझ्यामुळे मोडला असेल अशी भीती तुला खातीये ना? जात्याच्या तळीचं वचन खोटं नाही, त्याचं भय असू दे. पण तो मुलगा तुझा नव्हताच कधी, प्रभूचा आहे. तू मध्ये उभा राहून वाट अडवलीस, आता बाजूला हो आणि खरं बोल. पुढचं प्रभू आणि तो बघतील.

बायकोला सांगितलंस का?

---

पुढेच_बघा

मी वर घाईने लिहिलं. फिलिप्पै ३ परत वाचलं, कोरा कागद बरोबर आहेत. ब्रदर, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतोय.

---

मागच्या_बाकावरून

उशिरा लिहितोय, तीन आठवडे झाले.

बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली आठ महिने तू घरात नव्हतासच. दोन दिवस आमचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं ऑफिसात कधी सांगणार आहेस, आणि मेल लिहिताना शेजारी बसली. मी सुरुवातीला लिहिलं होतं की "गैरसमजातून", तो शब्द तिने काढायला लावला.

मेल पाठवला. मला घरी बसवलंय, निर्णय अजून व्हायचाय, बहुतेक जाईलच नोकरी. त्याच्या नावावरचं काढू असं तोंडी म्हणालेत, मी लेखी मागितलंय.

मग त्याला फोन केला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. मी कागदावर लिहून घेतलेलं होतं तेवढंच सांगितलं, हात थरथरत होते. मेलची कॉपी पाठवली. तो म्हणाला मला माहीत होतं, मी वाट बघत होतो तू कधी बोलतोस. मग म्हणाला आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाहीये, आणि ठेवला. एवढंच झालं. मला वाटलं होतं हे सांगितल्यावर हलकं वाटेल, तसं काही वाटलं नाही, पोटात खड्डाच पडला. पण त्या रात्री स्तोत्र ५१ वाचताना मी मध्येच थांबून माझ्या शब्दांत बोललो. दोन वाक्यं असतील. आठ महिन्यांनी.

पाळकांनाही सांगितलं. शिकवायचं नाही सध्या, ते म्हणायच्या आधी मीच म्हणालो. दर आठवड्याला त्यांना भेटायचं ठरलंय. मागचे तीन रविवार गेलो, मागच्या बाकावर.

आता एकच विचारायचंय. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. पाळक म्हणाले तू ये, पण मला धीर होत नाहीये. १ करिंथ ११ मध्ये अयोग्य प्रकारे खाल्लं तर दोषी ठरेल असं आहे. त्या मुलाने अजून मला माफ केलेलं नाही. अशात घ्यावं का?

---

कोरा_कागद

तुमच्याकडून करायचं होतं ते तुम्ही केलंय. रोम १२:१८, तुमच्याकडून होईल तितकं. त्याचं उत्तर येईपर्यंत मेजापासून लांब राहायचं ठरवलं तर तुमची क्षमा त्याच्या हातात दिल्यासारखं होईल, आणि तोही भार त्याच्यावरच. पाळक ये म्हणतायत तर जा. राग आला होता म्हणालात तरी केलंत भाऊ, मी तुमचं उत्तर वाचून बराच वेळ नुसता बसून होतो.

---

साठी_पार

ते वचन पूर्ण वाच बाळा. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं लिहिलंय. परीक्षा करून उपाशी घरी जावं असं नाही लिहिलेलं. पहिल्या प्रभुभोजनाच्या रात्री मेजाभोवती कोण कोण बसलं होतं आठव. पेत्र होता, आणि तो पहाटेपर्यंत काय करणार आहे हे भाकर मोडणाऱ्याला माहीत होतं.

जा. बायकोला बरोबर घेऊन जा.

---

मागच्या_बाकावरून

जातो मावशी.